मानवरहित लढाऊ विमान उभारताना: रिकाम्या कॉकपिटचा हिशेब आधी मांडा

डिसेंबर १९९९मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड्स हवाई तळावर ग्लोबल हॉक जातीचे एक मानवरहित टेहळणी विमान व्यवस्थित उतरले आणि थांबले. पुढे टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून चाकांवर चालत, निघायची वेळ आली तेव्हा त्याने वेग वाढवायला सुरुवात केली, कारण मोहिमेच्या नियोजनातून टॅक्सीसाठी १५५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २८७ किलोमीटर, हा वेग त्याच्यापर्यंत पोचला होता. विमान धावपट्टीबाहेर गेले, पुढचे चाक मोडले, नाकातल्या उपकरणांचे नुकसान झाले. इंजिन ठीक होते, पंख ठीक होते आणि संगणक सांगितलेलेच करत होता. आत वैमानिक असता तर तो आकडा बघताक्षणी त्याने थ्रॉटल (इंजिनाचा जोर ठरवणारी दांडी) मागे ओढला असता. हे काम त्याच्या कर्तव्यांच्या कुठल्याही यादीत लिहिलेले नसते.

लढाऊ विमानातून माणूस काढला की अशी न लिहिलेली कामे बेवारस होतात. त्यामुळे आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी ती सगळी कागदावर आणणे हे या कामातले पहिले पाऊल. पुढची बहुतेक पावले त्यातूनच निघतात.

वैमानिकाच्या मूक कामांचा तक्ता

अनुभवी चाचणी वैमानिकांसोबत बसा. इंजिन सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंतची एक पूर्ण मोहीम मिनिटामिनिटाने पुढे सरकवा. प्रत्येक क्षणाला चार रकाने भरा: वैमानिकाला काय जाणवते, तो काय ठरवतो, त्यासाठी त्याच्याकडे किती वेळ असतो आणि आता हे काम कोण करणार. चौथ्या रकान्यात तीनच उत्तरे चालतात: विमान, ग्राउंड स्टेशन किंवा ‘कोणीही नाही’. तिसरे उत्तर द्यायला हरकत नाही, पण त्यापुढे जबाबदार माणसाची सही हवी.

ओळी शेकड्यांनी होतात आणि साध्या दिसणाऱ्या ओळीच महाग पडतात. पंखाच्या कडेवर बर्फ धरतोय हे वैमानिक डोळ्यांनी बघतो. त्याच्या जागी बर्फ ओळखणारी सळई बसवता येते. ती सुमारे ४० किलोहर्ट्झला थरथरत असते आणि बर्फाचा थर चढला की तिची कंपनसंख्या घटते. पण रडारपासून लपायचे असेल तर बाहेर डोकावणारी कुठलीही सळई नको. मग तेच काम आडवळणाने करावे लागते: इंजिनाच्या ठरावीक जोराला (थ्रस्टला), ठरावीक उंचीवर आणि वजनाला जो वेग मिळायला हवा तो मिळत नसेल आणि बाहेरचे तापमान शून्याच्या आसपास असेल, तर बर्फ धरला असे समजून उंची बदलायची. त्यासाठी वजनाचा अंदाज अचूक लागतो आणि वजनाच्या अंदाजासाठी इंधनमापक अचूक लागतो. एका डोळ्याच्या जागी अशी तीन यंत्रणांची साखळी येते. जळका वास, सीटमधून जाणवणारी थरथर, ब्रेक दाबताना एका बाजूला ओढले जाणे, जमिनीवरून मिळणारे हातवारे, समोरून येणारे दुसरे विमान, ओली धावपट्टी: या प्रत्येकाची अशीच साखळी काढावी लागते.

हा तक्ता पूर्ण होण्याआधी वजनाचा अंदाज बांधू नका. बहुतेक चुकीच्या अंदाजांची मुळे इथेच सापडतात.

वजन, वीज आणि उष्णता

वैमानिक गेला की इजेक्शन सीट, कॅनोपी, ऑक्सिजन, हवेचा दाब राखणारी यंत्रणा आणि कॉकपिटचे पडदे जातात. हे सगळे उत्साहाने वजा केले जाते. त्याच्या जागी येणारे मात्र हळूहळू येते: तिहेरी उड्डाण संगणक, दोन-तीन प्रकारचे डेटा लिंक, चहूबाजूंचे अँटेना, ज्यादा सेन्सर, मोठी बॅटरी आणि या सगळ्याला थंड ठेवणारी यंत्रणा. आराखडा गोठण्याआधी वाढलेला एक किलो एकूण उड्डाण वजनात तीन-चार किलोंची भर घालतो, कारण तो पेलायला पंख, इंधन, चाके आणि इंजिन थोडे थोडे वाढतात. सुरुवातीलाच वजनात राखीव जागा ठेवा आणि ती वापरायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. प्रत्येक विभागाला स्वतंत्र राखीव वजन दिले, की ते पहिल्या वर्षातच संपते.

उष्णतेकडे फार उशिरा लक्ष जाते. प्रोसेसरच्या पेटीने २ किलोवॉट वीज घेतली तर जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर काढावी लागते. १२ किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण पाव होते. बाहेर उणे ५६ अंश असले तरी जमिनीवर पुरेसा वाटलेला पंखा तिथे अपुरा पडतो. उष्णता इंधनात सोडायचा मार्ग चांगला आहे, पण मोहीम संपत येते तेव्हा टाकीत इंधन थोडे उरते आणि तेवढ्याच उष्णतेने जास्त तापते. म्हणजे परतीच्या वाटेवर, उतरण्याच्या तोंडावर, संगणक सर्वात गरम असतो. उष्णतेचा हिशेब भरल्या टाकीवर करू नका. शेवटच्या २० मिनिटांवर करा आणि त्यात तापल्या धावपट्टीवर उभे राहून परवानगीची वाट बघण्याचा वेळ धरा. जमिनीवर उभ्या विमानातून वारा वाहत नाही, हे विसरून चालत नाही.

लपणारा आकार उडायला अवघड असतो

रडारचा पल्ला परावर्तनाच्या, म्हणजे विमानावरून रडारकडे परतणाऱ्या लहरींच्या, चौथ्या घातमूळाने बदलतो. परावर्तन दहापट कमी केले तरी शत्रूला विमान दिसण्याचे अंतर मूळच्या ५६ टक्क्यांवरच येते. अंतर निम्मे करायला परावर्तन सोळापट कमी करावे लागते आणि दहावा हिस्सा करायला दहा हजारपट. म्हणूनच नॉर्थ्रॉप ग्रुमनचे एक्स-४७बी, फ्रान्सच्या पुढाकाराने सहा युरोपीय देशांनी केलेले न्यूरॉन, ब्रिटनचे टॅरानिस, रशियाचे ओखोत्निक आणि डीआरडीओचे स्विफ्ट ही सगळी शेपटीशिवायच्या पंखासारखी दिसतात. उभी शेपटी काढणे हा परावर्तन घटवण्याचा मोठा मार्ग आहे आणि सर्वात मोठा त्रासही तिथूनच सुरू होतो.

शेपटी नाही म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवायला पंखाच्या टोकाशी वर-खाली उघडणारे दुभंगलेले पृष्ठभाग वापरावे लागतात. ते जवळजवळ बंद असताना पहिल्या काही अंशांत त्यांचा परिणाम फारसा होत नाही. म्हणून उड्डाण घेताना आणि उतरताना ते थोडे उघडे ठेवतात आणि लपायची वेळ आली की बंद करतात. याचा अर्थ नियंत्रणाचे दोन वेगळे ढंग झाले. प्रत्येक ढंग स्वतंत्रपणे सिम्युलेटरवर उत्तम चालतो. अडचण एकातून दुसऱ्यात जातानाच्या दोन-तीन सेकंदांत येते. ते बदल जोराच्या आडव्या वाऱ्यात, एक ॲक्ट्युएटर (पृष्ठभाग हलवणारे यंत्र) अडकलेल्या अवस्थेत, मुद्दाम तपासा.

गुरुत्वमध्याला इथे फार थोडी मोकळीक असते. पंखाची सरासरी जीवा (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) ४ मीटर असेल आणि सुरक्षित पट्टा तिच्या ३ टक्के असेल, तर गुरुत्वमध्याला पुढेमागे सरकायला एकूण १२ सेंटिमीटर मिळतात. इंधन कोणत्या टाकीतून कोणत्या क्रमाने जाते, यावर विमान सरळ राहील की नाही हे ठरते. म्हणून इंधनपंप आणि त्यांचे झडपनियंत्रण उड्डाण नियंत्रणाच्याच दर्जाचे धरा, तेवढ्याच काटेकोरपणे तपासा. पोटातल्या कप्प्याची दारे उघडली, वजन सुटले, की नाक हलते. हा धक्का नियंत्रण प्रणालीला आधी कळवला पाहिजे. घडल्यावर शोधत बसायला वेळ नसतो.

हवेचा वेग आणि कोन मोजायला बाहेर नळी काढता येत नाही, म्हणून पृष्ठभागाशी समतल छिद्रांमागे दाबमापक बसवतात. त्यांच्यावर किती विसंबायचे हे २३ फेब्रुवारी २००८ रोजी गुआममध्ये पडलेल्या बी-२ विमानाने दाखवले. ते वैमानिकांसह उडणारे विमान होते, पण आकार हाच आणि उड्डाण संगणकावरचे अवलंबित्वही असेच. २४ दाबमापकांपैकी तिघांत ओलावा शिरला होता आणि तो तसाच असताना मापकांचे शून्य नव्याने जुळवले गेले. नंतर तापकांनी ओलावा वाळला आणि ते जुळवलेले शून्य चुकीचे ठरले. संगणकाला वेग प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटला, नाक खाली वाटले आणि जमीन सोडताच त्याने नाक सुमारे ३० अंशांपर्यंत वर उचलले. पंखांची उचल हरवून (स्टॉल होऊन) विमान कोसळले. दोघे वैमानिक इजेक्शन सीटने बाहेर पडल्यामुळे वाचले. यावरून तुमच्या देखभालीच्या पुस्तकात तीन ओळी लिहून घ्या: शून्य जुळवण्याआधी मापक तापवून कोरडे करा, दुरुस्तीचा आकडा ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर तो स्वीकारू नका, कारण शोधा, आणि धावताना हवेचा वेग जमिनीवरच्या वेगाशी व वाऱ्याशी ताडून बघणारी तपासणी संगणकात ठेवा. तफावत असेल तर उड्डाण रद्द झाले पाहिजे, माणसाला विचारण्याआधीच.

इंजिनही लपवावे लागते. रडारला पंख्याची पाती दिसू नयेत म्हणून हवेचा मार्ग नागमोडी करतात. वळणावर हवेचा प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि पंख्यापर्यंत पोचेस्तोवर दाब एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी होतो. पाती प्रत्येक फेऱ्यात या असमानतेतून जातात, थरथरतात आणि कंप्रेसर अडखळतो. न्यूरॉन आणि टॅरानिस दोन्हींत प्रशिक्षण विमानांमधून परिचित असलेले अडूर इंजिन होते. नव्या वायुमार्गाबरोबर नवे इंजिन घेतले तर बिघाड कोणाचा, हेच कळत नाही. पंख्यासमोर दाबमापकांचा चक्राकार संच लावून आधी वाऱ्याच्या बोगद्यात, मग जमिनीवर, सर्व थ्रॉटलवर आणि आडव्या वाऱ्यात असमानता मोजा. इंजिन बनवणाऱ्याकडून त्याची मर्यादा आकड्यात लिहून घ्या, शब्दांत नव्हे.

लपण्याच्या बाबतीत एक देखभालीची गोष्ट. दर उड्डाणाला उघडाव्या लागणाऱ्या पेट्या चाकांच्या कप्प्यातून हाताला येतील अशा ठेवा. विमानाच्या त्वचेवरचे प्रत्येक झाकण, प्रत्येक स्क्रू बंद करताना फट भरून, वाळवून, पुन्हा मोजावी लागते आणि एका खराब सांध्याने वर्षभराची मेहनत वाया जाते.

उशीर मिलिसेकंदात मोजा

अस्थिर विमानाला तोलून धरणारा संगणक सेकंदाला साधारण ८० वेळा विचार करत असेल, तर एका फेरीला १२.५ मिलिसेकंद लागतात. त्यात सेन्सर व त्याची चाळणी (फिल्टर), माहिती वाहून नेणारी डेटा बस आणि ॲक्ट्युएटर यांचा उशीर मिळवा. नियंत्रण वळशाची क्रॉसओव्हर फ्रिक्वेन्सी (जितक्या जलद डोलण्यापर्यंत तो सावरू शकतो ती) १० रेडियन प्रतिसेकंद असेल, तर ५० मिलिसेकंदांचा उशीर २९ अंशांचे फेज मार्जिन, म्हणजे डोलणे टाळण्यासाठी ठेवलेली राखीव जागा, खातो. ४५ अंश ठेवले होते, उरले १६. विमान डोलू लागते आणि मग दोष वायुगतिकीला दिला जातो. कुठल्या तुकड्याला किती मिलिसेकंद मिळतील याचा तक्ता पहिल्या महिन्यात करा आणि सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीनंतर प्रत्यक्ष मोजा.

याच आकड्यांमुळे दुरून हाताने उडवण्याचा विचार लगेच बाद होतो. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. आदेश वर जाऊन खाली यायला ०.२४ सेकंद, त्याचा परिणाम दिसायला तेवढेच पुन्हा. त्यात सांकेतीकरण आणि व्हिडिओचे आकुंचन-प्रसरण धरले की माणूस जे बघतोय ते कधीकधी सेकंदाहून जुने असते. २५० मीटर प्रतिसेकंद वेगाला तेवढ्यात विमान पाव किलोमीटर पुढे गेलेले असते. त्यामुळे तोल सांभाळणे, उड्डाण, उतरणे, अडथळा चुकवणे हे विमानाचे काम. कुठे जायचे आणि काय करायचे, हे माणसाचे.

संपर्क तुटणार, हे धरूनच लिहा

युद्धात संपर्क तुटतो, शत्रू तो मुद्दाम तोडतो. चांगल्या हवेत वळताना स्वतःच्याच पंखाआड अँटेना गेल्यानेही तुटतो. म्हणून पहिले काम: प्रत्येक अँटेनाची दृष्टी विमानाच्या प्रत्येक कलासाठी त्रिमितीत काढा आणि वळणाची कमाल मर्यादा ठरवताना तो नकाशा समोर ठेवा.

दुसरे काम म्हणजे संपर्क तुटल्यावरचे वर्तन. ते काळाच्या पायऱ्यांत लिहा. उदाहरणादाखल: पहिली १० सेकंद आहे तसे चालू, मिनिटभर दुसऱ्या वाहिनीचा शोध, त्यानंतर आधी ठरलेल्या बिंदूकडे प्रस्थान, तिथे घिरट्या, इंधन ठरावीक पातळीला आले की ठरलेल्या वाटेने परत. आकडे तुमच्या मोहिमेप्रमाणे बदलतील, पण संपर्क नसताना शस्त्राला परवानगी नाही, ही ओळ बदलू नका. चुका नेहमीच्याच असतात. परतीची वाट मोहीम सुरू होताना भरली, नंतर विमान दुसऱ्या खोऱ्यात गेले आणि जुनी वाट आता डोंगरातून जाते. म्हणून प्रत्येक टप्प्याला वाट नव्याने भरली गेली का, हे यंत्रणेनेच तपासावे. दुसरी चूक संपर्क परत येताना होते. ग्राउंड स्टेशनवरच्या दांड्या एका जागी, विमानाची अवस्था दुसऱ्या जागी. जोडणी होताच विमान एकदम झेपावते. जोडणी आधी फक्त ऐकणारी असावी, दोन्हीकडचे आकडे जुळले की मगच आदेशाचा अधिकार द्यावा.

२५ एप्रिल २००६ रोजी अॅरिझोनातल्या नोगालेसजवळ सीमा गस्तीवरचे प्रेडेटर बी हे मानवरहित विमान याच कारणाने पडले. वैमानिकाचा कन्सोल गोठला, त्याने नियंत्रण शेजारच्या कन्सोलकडे दिले. तो कन्सोल तोवर कॅमेऱ्यासाठी वापरात होता आणि कॅमेऱ्याचे छिद्र बदलणारी दांडी आता इंजिनाची दांडी झाली. ती ज्या जागी होती तिचा अर्थ इंधन बंद असा होता. इंजिन थांबले. नियमावलीत दोन्हीकडच्या दांड्या जुळवून घ्या असे होते, पण घाईत ते राहिले. इंजिन थांबल्यावर वीज वाचवण्यासाठी एकेक उपकरण बंद होत गेले आणि संपर्कही गेला. यातून आपल्यासाठी दोन सूचना निघतात. एकाच दांडीला दोन अर्थ देऊ नका. आणि बिघाड एकेकटे तपासू नका. संपर्क गेला अधिक इंजिन गेले, संपर्क गेला अधिक इंधनमापक बिघडला, अशा जोड्या लावून तपासा.

विमान हाताबाहेर गेल्यास ते पाडणारी व्यवस्था चाचणी क्षेत्रात लागतेच. तीच घातक ठरू शकते: २९ मार्च १९९९ रोजी ग्लोबल हॉकचे दुसरे विमान नष्ट झाले, कारण दुसऱ्या चाचणी क्षेत्रातून तपासणीसाठी सोडलेला पाडण्याचा संकेत त्याने ऐकला. उंच उडणाऱ्या विमानाला शेकडो किलोमीटरवरचे प्रक्षेपण थेट ऐकू येते. फ्रिक्वेन्सीचे वाटप करताना तुमच्या क्षेत्राची हद्द बघू नका, विमानाच्या क्षितिजाची हद्द बघा. त्या दिवशीच्या सगळ्या शेजारी क्षेत्रांकडून लेखी होकार घ्या आणि संकेताला त्या उड्डाणापुरती गुप्त किल्ली द्या.

दिशादर्शनाचेही तसेच. उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोचेस्तोवर वॉटच्या दहा हजार अब्जाव्या हिस्स्याहूनही कितीतरी क्षीण असतो, त्याला बुजवायला किंवा फसवायला मोठे यंत्र लागत नाही. जडत्वीय दिशादर्शक (स्वतःच्याच हालचाली मोजून जागा सांगणारा) चांगल्या दर्जाचा असला तरी तासाला साधारण एक सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटर, सरकतो. उपग्रहाशिवाय किती वेळ उडायचे आहे ते ठरवा आणि त्यातून घसरण काढा. तेवढी परवडत नसेल तर जमिनीची उंची, कॅमेरा किंवा तारे यांचा आधार घ्यावा लागतो. डिसेंबर २०११मध्ये अमेरिकेचे आरक्यू-१७० हे मानवरहित टेहळणी विमान इराणच्या हाती बऱ्यापैकी अखंड लागले. त्यामागचे नेमके कारण काही असो, तुमच्या विमानातल्या किल्ल्या आणि नकाशे वीज गेल्यावरही पुसले जातील याची सोय पहिल्याच आराखड्यात हवी.

तीन संगणक म्हणजे तीन साक्षीदार, जर ते खरेच वेगळे असतील तर

१० जुलै २०१३ रोजी एक्स-४७बी ‘जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’ या विमानवाहू नौकेवर दोर पकडून दोनदा उतरले. तिसऱ्या खेपेला नौकेपासून काही मैलांवर असताना तीन दिशादर्शक संगणकांपैकी एकात बिघाड आढळला. विमानाने तो स्वतः ओळखला, उतरणे सोडले आणि व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या वॉलॉप्स बेटावर सुखरूप उतरले. दोन संगणक चांगले असूनही डेकवर न जाण्याचा निर्णय आधी लिहिलेला होता. आमच्या मते या विमानाने केलेल्या कामांत हे सर्वात मोलाचे.

तिहेरी व्यवस्थेत बहुमत घेताना आकडे किती काळ वेगळे राहिले तर एकाला बाद करायचे, हे नीट ठरवा. फार कडक ठेवले तर साध्या झटक्यात चांगला सेन्सर बाद होतो. फार सैल ठेवले तर बिघडलेला सेन्सर विमानाला भलतीकडे ओढत राहतो. शिवाय तिन्ही संगणकांत एकच सॉफ्टवेअर असेल तर एकच चूक तिघांत आहे, आणि तिघांची वीज एकाच वाहिनीवर असेल तर एका ढिल्या कनेक्टरने तिघे एकदम जातात. वायरिंगचे आराखडे बघताना बोट ठेवून विचारा: ही एक जागा जळली तर किती जातील?

शिकलेल्या सॉफ्टवेअरला कुंपण

ऑगस्ट २०२०मधल्या स्पर्धेत सरावातून स्वतः शिकलेल्या सॉफ्टवेअरने सिम्युलेटरवर एफ-१६च्या अनुभवी वैमानिकाला ५-० असे हरवले. पुढे २०२३मध्ये एक्स-६२ए या बदललेल्या एफ-१६वर, सुरक्षा वैमानिक बसलेले असताना, तशाच सॉफ्टवेअरने खऱ्या विमानाशी हवाई लढतीचा सराव केला. पण डीओ-१७८सी या विमानातल्या सॉफ्टवेअरच्या मानकाच्या सर्वात कडक पातळीवर प्रमाणपत्र मिळवायचे तर कोडच्या प्रत्येक ओळीमागे लेखी गरज दाखवावी लागते आणि प्रत्येक अटीचा निर्णयावरचा परिणाम स्वतंत्रपणे तपासावा लागतो. शिकताना ठरलेल्या लाखो आकड्यांच्या (‘वजनांच्या’) जाळ्याला हे लागू पडत नाही.

व्यवहार्य मार्ग कुंपणाचा. शिकलेला भाग मधे, बाहेर साधा, जुन्या पद्धतीने तपासलेला पहारेकरी. किमान उंची, कमाल भार, कल, इंधन, हद्द, दुसऱ्या विमानापासूनचे अंतर या मर्यादा ओलांडल्या जाणार असे दिसताच तो नियंत्रण काढून घेतो आणि सरळ, ठरलेली हालचाल करतो. एफ-१६वर २०१४पासून असलेली जमिनीला धडकू न देणारी स्वयंचलित यंत्रणा याच विचारावर चालते. कुंपण आखताना होणारी चूक म्हणजे रेषा मर्यादेवरच ओढणे. पहारेकऱ्याला ओळखायला आणि विमानाला वळायला मिळून २ सेकंद लागत असतील, तर २५० मीटर प्रतिसेकंदाला ५०० मीटर आधीच रेषा हवी, आणि त्यात वाऱ्याची व उंचीमापकाच्या चुकीची भर हवी. रेषा फार आत आणली तर पहारेकरी सारखा हस्तक्षेप करतो आणि चाचणी पथक कंटाळून तो बंद करायला लागते. तसे बटण ठेवूच नका.

शस्त्राचा निर्णय

इथे अभियांत्रिकीपुरते बघून भागत नाही. १९७७च्या पहिल्या जिनिव्हा अतिरिक्त करारपत्राच्या ३६व्या कलमाप्रमाणे सदस्य देशाने नवे शस्त्र विकसित करतानाच ते आंतरराष्ट्रीय कायद्यात बसते का हे तपासायचे असते. अमेरिकेचा संरक्षण निर्देश ३०००.०९ नोव्हेंबर २०१२मध्ये आला, जानेवारी २०२३मध्ये सुधारला गेला. बळाच्या वापरावर माणसाचा योग्य पातळीचा विवेक राहिला पाहिजे, ही त्याची अट आहे. कायदेतज्ज्ञाला शेवटच्या पुनरावलोकनाला बोलावू नका, गरजांच्या पहिल्या मसुद्यालाच बसवा. माणसाची संमती म्हणजे नेमके काय, हे आकड्यात उतरवावे लागते: त्याने बघितलेले चित्र किती सेकंद जुने चालेल, संमती किती वेळाने आपोआप बाद होईल, लक्ष्याजवळ कोणी आले तर ती कशी मागे घेता येईल, आणि संपर्क अर्धवट असेल तर विमान काय समजेल. अर्धवट म्हणजे नाही. दर दोन मिनिटांनी होकार मागणारा पडदा काही तासांत माणसाला न वाचता होकार द्यायला शिकवतो, म्हणून होकार थोडे ठेवा आणि प्रत्येक वेळी त्याला बघण्यासारखे काही समोर ठेवा. माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, इथे वेळ वाचवण्यासाठी केलेली कुठलीही तडजोड आम्हाला मान्य नाही.

चाचणीचा क्रम

आधी लहान प्रतिकृती. पाचव्या हिश्शाची प्रतिकृती योग्य प्रमाणात उडवायची तर वजन १/१२५, वेग १/२.२४ आणि हालचाली २.२४ पट जलद होतात. म्हणजे तिचे ॲक्ट्युएटर मूळ विमानापेक्षा चपळ लागतात. हौशी मोटारी लावल्या तर प्रतिकृती डोलते आणि आराखडा विनाकारण बदलला जातो. डीआरडीओने स्विफ्ट १ जुलै २०२२ रोजी चित्रदुर्गच्या चाचणी क्षेत्रात उडवले ते अशाच विचाराने: मोठ्या विमानाआधी आकार, नियंत्रण आणि स्वयंचलित उतरणे यांची खात्री.

त्यानंतर खरे संगणक, खरे ॲक्ट्युएटर आणि खऱ्या केबल टेबलावर मांडून विमानाचे गणिती मॉडेल त्यांना जोडा. केबलची लांबीही खरी ठेवा. मग संपूर्ण विमान हलवून त्याच्या नैसर्गिक कंपनसंख्या मोजा. नियंत्रणाच्या चाळण्या त्यावरच बसवतात. मग सगळे रेडिओ, रडार आणि पंप एकाच वेळी चालू करून एकमेकांना त्रास देतात का ते बघा.

टॅक्सी चाचणीला कमी लेखू नका. लॉकहीडचे डार्कस्टार हे मानवरहित विमान २९ मार्च १९९६ला उडाले आणि २२ एप्रिलला, दुसऱ्याच उड्डाणात, धावताना नाक वर-खाली डोलत जाऊन कोसळले. जमिनीवरच्या वर्तनाचे मॉडेल प्रत्यक्षाशी जुळत नव्हते. २०, ४०, ६० नॉट असे टप्पे घ्या, प्रत्येक टप्प्यानंतर मोजलेली डोलण्याची गती मॉडेलशी ताडा आणि फरक समजल्याशिवाय पुढचा टप्पा घेऊ नका. धावपट्टीचे सांधे, टायरचा दाब, चाकांचा धक्का झेलणाऱ्या शॉक स्ट्रटमधला वायू: या तीन ठिकाणी बहुधा उत्तर सापडते.

पहिल्या उड्डाणाला चाके वर घेऊ नका, उंची बेताची ठेवा, शेजारी माणसाचे विमान ठेवा. टेबलावर शेवटची तपासणी झालेले सॉफ्टवेअर आणि विमानात भरलेले सॉफ्टवेअर एकच आहे, हे चेकसम (फाइलमधून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून दोन माणसांनी वेगवेगळे बघावे. मोहिमेच्या फाइलमधला प्रत्येक वेग, उंची आणि कल पट्ट्यात आहे का, हे तपासणारा छोटा कार्यक्रम लिहा. वेगवान टॅक्सी चाचण्या सोडल्या तर टॅक्सीसाठी ३० नॉटांवरचा कुठलाही आकडा त्याने परत पाठवला पाहिजे.

उड्डाण संपले की नोंदी वाचायला बसताना मूक कामांचा तक्ता पुन्हा उघडा. ‘कोणीही नाही’ असे लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे आज तो प्रसंग आला होता का, हे नोंदीत शोधा. आला असेल तर तिथली सही रद्द करा आणि पुढच्या उड्डाणाआधी ती ओळ विमानाला किंवा ग्राउंड स्टेशनला नेमून द्या.